एकशे सतरा नंबरचा माग

१२ सप्टेंबर १९५५, सोमवार

अखेर परवानगी आली. सहा आठवडे विणाई खात्यात हिंडायचं, कामगारांशी बोलायचं, हवं ते टिपायचं. श्रेय सगळं श्यामकांत उपासनींचं. हा गृहस्थ बजबज रेल्वे लाइनवरच्या एका तागाच्या गिरणीत लेबर ऑफिसर आहे, मूळचा साताऱ्याचा, आणि दर रविवारी आपल्या मराठी मंडळात माझ्या समोर बसून ब्रिज खेळतो. खेळतो वाईट, पण माणूस शब्दाचा पक्का. त्याने स्कॉच मॅनेजरच्या गळी ही गोष्ट कशी उतरवली कोण जाणे. गिरणीचं नाव मी या वहीतही लिहिणार नाही. गुप्तता म्हणजे गुप्तता.

दोन वर्षं झाली, संध्याकाळी संस्थेत कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना ‘नेतृत्व आणि कामाच्या जागची वागणूक’ हा विषय शिकवतोय. उदाहरणं सगळी अमेरिकेतल्या कारखान्यांची. मागच्या आठवड्यात एका बँकेच्या माणसाने सरळ विचारलं, सर, आपल्या माणसांवर कोणी अभ्यास केलाय का? वर्ग हसला. मी म्हटलं, मी करतोय. तेव्हा करत नव्हतो. आता करतोय.

याच आनंदात येताना पूजेच्या सुट्टीतली पुरीची तिकिटं काढून आणली. कालिंदी म्हणाली, “त्या आठवड्यात नागपूरहून माझी बहीण येतेय, तीन वेळा सांगितलंय तुम्हाला.” मला एकदाही आठवत नाही. तिकिटं परत करावी लागणार. बायकोला खूश करायला जावं तर हे असं.

१९ सप्टेंबर

माझी रीत साधी आहे आणि तीच तिची खुमारी. सकाळपाळीच्या बासष्ट विणकरांना एकेकटं गाठून दोनच प्रश्न विचारायचे. कामात अडलं तर कोणाकडे जाता? घरचं संकट आलं तर कोणाकडे जाता? उत्तर चिठ्ठीवर लिहायचं. मग मोठ्या कागदावर प्रत्येक माणसाचं एक वर्तुळ काढायचं आणि जो ज्याचं नाव घेईल त्याच्याकडे बाण ओढायचा. ज्याच्याकडे जास्त बाण, तो खरा पुढारी. कंपनीने नेमलेला सरदार, म्हणजे मुकादम, असो वा नसो.

चिठ्ठ्या लिहायचं काम सरलाचं. सरला सेन, माझी सहायक. बारिसालहून आलेलं निर्वासित कुटुंब, मानसशास्त्रात एम. ए., वय चोवीस. कामाला चोख आहे, पण प्रश्न फार विचारते. आज विचारलं, “सर, बाई माणूस कारखान्यात उभी राहिलेली त्यांना चालेल का?” मी म्हटलं, ते मी ठरवलंय. पहिला तास कोणी तोंड उघडेना. मग तिने मागाचं धोटं हातात घेऊन एका म्हाताऱ्याला विचारलं, हे इतकं जड कसं हो फेकता. तिथून गाडी सुरू झाली. मला हे सुचलं नसतं, हे इथे कबूल करतो. तिच्याजवळ नाही केलं.

सगळ्यांना एकत्र करून मी शब्द दिला. माझ्या हिंदीत म्हणालो, “किसी का नाम बाहर नहीं जाएगा. यह मेरा वचन है.” मागून कोणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले. सरलाने नंतर सांगितलं, तो म्हणाला की साहेबाने नाव कुठे बाहेर नेलं तर आमची नावं तरी गावाबाहेर फिरून येतील.

४ ऑक्टोबर

मागांवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेत, हातभर उंचीचे. नावांपेक्षा तेच सोयीचे. खात्यात तीन रामधनी आहेत आणि दोन जुम्मन. चिठ्ठीवर नाव राहील, पण नकाशावर वर्तुळात फक्त मागाचा नंबर. म्हणजे नकाशा कोणाच्या हाती पडला तरी त्यात नाव एकही नाही.

सरला म्हणाली, “सर, मागाचा नंबर म्हणजे माणूसच की. आपण आपले वेगळे आकडे देऊया का?”

म्हटलं, अहवाल छापताना देऊ. आताच बदलाबदल केली तर साठ ठिकाणी घोळ होईल आणि निस्तरणार मी. ती बरं म्हणाली. तिचं ‘बरं’ मला हल्ली आवडत नाही.

२७ ऑक्टोबर

आज नकाशा पुरा झाला. जेवणाच्या टेबलावर पसरला होता, म्हणून सगळ्यांनी खाली चटईवर बसून जेवायचं. मीनाक्षी वाकून बघत म्हणाली, “बाबा, हा कोळ्याचा जाळ आहे?” अकरा वर्षांची झाली तरी मुलीचं मराठी असं. तरी तिने पाहिलं ते बरोबर. मधोमध एक वर्तुळ आणि चहूकडून त्याच्याकडे धावणारे बाण. एकशे सतरा.

बासष्टांपैकी एकतीस जण त्याच्याकडे जातात. कंपनीच्या सरदाराकडे किती? तीन. त्यातले दोन त्याचे मेहुणे.

माणूस कोण ते मला अर्थात माहीत आहे. रामसूरत, बलिया जिल्ह्याचा, पंचेचाळिशीचा, बोलतो अगदी कमी. युनियनचा पदाधिकारी नाही, काही नाही. तीन दिवस त्याच्याजवळ उभा राहिलो आणि इतकी माणसं याच्याकडे का येतात ते कळलं नाही. येतात, उभी राहतात, हाच त्यांना काहीतरी विचारतो, ती बोलतात, जातात. हुकूम सोडताना मी त्याला पाहिला नाही. तरी त्याचा शब्द चालतो. ऑगस्टमध्ये पाण्याच्या नळावरून भांडण पेटलं होतं, ते याने मिटवलं. नकाशाच्या समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: ‘११७ ने हात वर केला तर दहा मिनिटांत खातं बंद पडेल.’ हे वाक्य अहवालात ठळक घालायचं. असल्या माणसाला सरदार केला तर गिरणीचं नशीब उघडेल.

मी आज फार खूश आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं की जे शिकवतो ते खरं आहे.

२० नोव्हेंबर, रविवार

श्यामकांत जेवायला आला होता. दिवाळीचा उरलेला चिवडा, कडबोळी, आणि कालिंदीने केलेलं आळूचं फदफदं. आळू तिला गडियाहाटच्या बाजारात मिळालं, याचं तिला कोण कौतुक. मुंबईच्या बातम्यांवर तासभर बोललो. आयोगाने मराठी माणसाच्या तोंडाला पानं पुसली यावर दोघांचं एकमत. या शहरात आपल्या भाषेत मनसोक्त चिडायला मिळणं हेसुद्धा सुख आहे. संस्थेत दिवसभर इंग्रजी, रस्त्यावर बंगाली, गिरणीत हिंदी. रात्री झोपेत तरी मराठीत बोलतो की नाही ते कालिंदीला विचारायला हवं.

मग राहवलं नाही. नकाशा काढला. दोन महिने हे पोटात ठेवून हिंडतोय, सांगायला माणूस नाही. सरलाला सगळं माहीतच आहे आणि कालिंदीला सांगावं तर ती म्हणते, थोडक्यात सांगा. श्यामकांतने पाऊण तास बघितला. प्रश्न इतके नेमके विचारले की माझ्या वर्गातल्या एकाने असे विचारले नाहीत. मोठा बाण म्हणजे काय, दुहेरी बाण म्हणजे काय. एकशे सतराच्या खालोखाल कोण.

“पण हा एकशे सतरा आहे कोण, गुरुदत्तराव?”

म्हटलं, “ते नाही सांगायचं. वचन दिलंय.”

तो हसला. म्हणाला, “तुम्ही म्हणजे अगदी हरिश्चंद्र.” निघताना म्हणाला, साहेबाला एकदा दाखवतो, पुढच्या वर्षी कताई खातंही तुम्हाला मोकळं करून देतो, आठवड्यात परत आणतो. दिला. दुसऱ्या कोणी मागितला असता तर दिला नसता. गुंडाळी करून वर कालिंदीच्या जुन्या पातळाची किनार बांधून दिली.

भांडी आवरताना कालिंदी म्हणाली, “सरलाला विचारलंत का, द्यायच्या आधी?” म्हटलं, सरलाला कशाला विचारू? माझा अभ्यास आहे.

९ जानेवारी १९५६

नवे माग येणार आहेत म्हणून विणाई खात्यातली अकरा माणसं ‘जादा’ ठरली. यादी गेटवर लागली. रामसूरत त्यात आहे.

वाईट वाटलं. इतकं मनाजोगतं उदाहरण हातचं गेलं. श्यामकांतला फोन केला. तो म्हणाला, “वरून आलेलं आहे हो, नव्या यंत्रांना माणसं कमी लागतात, साहेबाने आकडा दिला, यादी कचेरीने केली.” नकाशाचं विचारलं. साहेबाच्या टेबलावर आहे, देतो म्हणाला. दीड महिना झाला, देतोच आहे. कताई खात्याचंही नक्की म्हणाला.

१२ जानेवारी

आज सरलाशी भांडलो. भांडलो म्हणजे मी ओरडलो, ती उभी होती.

तिने चिठ्ठ्यांवरून पुन्हा मोजणी केली होती आणि गेटवरची यादी शेजारी लिहिली होती. ज्या अकरा जणांकडे सगळ्यात जास्त बाण जातात तेच अकरा जण यादीत आहेत. एकही इकडचा तिकडे नाही. नोकरीच्या वर्षांनी लावली असती तर यातले आठ जण सुटले असते. रामसूरत तर एकोणीस वर्षांचा जुना.

मी म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, “सर, बासष्टांतून नेमके अकरा? तुम्हीच आम्हाला संख्याशास्त्र शिकवलंत.” मग मी ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. दाराबाहेर शिपाई उभा होता, त्याने ऐकलं.

तिचं बरोबर आहे हे मला कागद बघितल्याबरोबर कळलं होतं. हे लिहायला मला चार तास लागले.

१५ जानेवारी, रविवार

मंडळात गेलो. पत्ते वाटून झाल्यावर श्यामकांतला बाहेरच्या ओट्यावर घेतलं. विचारलं, नकाशावरून यादी केलीत?

त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “अहो, साहेबाने नकाशा पाहिला आणि म्हणाला, असलं काही मला वीस वर्षांत कोणी दाखवलं नाही. तुमचं केवढं कौतुक केलं सांगू. नवे माग आले की संप होणार हे ठरलेलं. तुम्ही दाखवून दिलंत की संप कोणाच्या डोक्यातून निघेल. समासात तुम्हीच लिहिलंय, दहा मिनिटांत खातं बंद.”

“ते मी त्याला बढती द्यावी म्हणून लिहिलं होतं.”

“तसं नव्हतं लिहिलेलं.”

खरंच नव्हतं. मी म्हटलं, नाव मी सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क कणव होती. म्हणाला, “गुरुदत्तराव, नंबर मागावर लिहिलेला असतो.” मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “इथे आपली दोन-चार घरं. माझी पोरं लहान आहेत. बाहेर काही बोलू नका.” आत येऊन आम्ही डाव पुरा केला. मी तो डाव का पुरा केला?

२२ जानेवारी

सरला मला गिरणीच्या लाइनीत घेऊन गेली. लाइन म्हणजे कामगारांच्या खोल्यांची रांग, कंपनीची. नोकरी गेली की खोलीही जाते, हे मला माहीत होतं. माझ्या व्याख्यानात ते एका ओळीत येतं. रामसूरतच्या खोलीत तो, बायको, दोन मुली आणि एक आंधळी आई. मला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

मी सगळं सांगितलं. नकाशा, श्यामकांत, समासातलं वाक्य. पाठ करून गेलो होतो. मध्ये मध्ये सरला माझी हिंदी सरळ करत होती. तो ऐकून घेऊन म्हणाला, “आपने बुरा सोचकर नहीं किया.” मी मान खाली घातली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाला, “दस आदमी और हैं. उनसे भी मिल लीजिए.” दहाही जणांच्या खोल्यांत जाऊन दहा वेळा तेच सांगितलं. सातव्या खोलीत एका बाईने माझ्या तोंडावर दार लावलं.

युनियनचा वकील न्यायाधिकरणापुढे जायचं म्हणतोय. मी साक्ष द्यावी अशी त्याची इच्छा. हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी

संस्थेच्या संचालकांनी बोलावलं. चहा दिला. म्हणाले, साक्षीला जायला कोणाची बंदी नाही, पण ज्या कंपन्यांचे अधिकारी तुमच्या वर्गात बसतात त्या पुढच्या वर्षी पाठवतील का, याचा विचार करा. मी विचार केला. गेले आठ दिवस वर्गात निम्मी बाकं रिकामीच असतात. परवा ‘विश्वास संपादन करणे’ हा धडा होता. चाळीस मिनिटांत आटोपला.

मंडळातही जात नाही. श्यामकांतच्या बायकोने कालिंदीचं हळदीकुंकवाचं बोलावणं चुकवलं. कालिंदीने वाण म्हणून आणलेल्या कंगव्यांची चळत तशीच कपाटात टाकून दिली.

१४ मार्च

वकील घरी आला होता. त्याने नीट समजावलं. गिरणी म्हणते, असा नकाशा आम्ही पाहिलाच नाही. तुमच्याकडे प्रत नाही. श्यामकांत उपासनी शपथेवर नाही म्हणणार. उरल्या चिठ्ठ्या. बासष्ट चिठ्ठ्या मांडल्या की नकाशा पुन्हा काढता येतो, यादीशी जुळतो, आणि सूडबुद्धीने काढलं हे सिद्ध होतं. चिठ्ठ्यांशिवाय नुसता माझा शब्द, आणि माझ्या शब्दाची किंमत काय ती सगळ्यांना कळलेली आहे. हे शेवटचं तो बोलला नाही, मी लिहितोय.

पण चिठ्ठ्यांवर नावं आहेत. कोण कोणाकडे जातो, घरचं संकट कोणाला सांगतो, हे सगळं नावानिशी. एका जुम्मनने सांगितलंय की तो सरदारापासून लपवून कोणाकडे जातो. हे कागद कोर्टात ठेवले की दुसऱ्या दिवशी साहेबाच्या टेबलावर. अकरा सुटतील आणि पन्नास अडकतील. आधी एकदा शब्द मोडला तो बावळटपणाने. आता जाणूनबुजून मोडू? आणि नाही मोडला तर रामसूरतचं काय?

काही सुचत नाही. कालिंदी म्हणाली, “सरलाशी बोला.” म्हटलं, ती पोर आहे, तिच्यावर हा बोजा कशाला टाकू.

१८ मार्च, रविवार

ठरवलं आणि केलं.

सकाळी चिठ्ठ्या, मोजणीचे कागद, सगळं संस्थेतल्या कपाटातून आणलं. कालिंदी नि मीनाक्षी बालीगंजच्या बाजारात गेल्या होत्या. कोळशाची शेगडी पेटलेली होती. एकेक चिठ्ठी वाचून आत टाकली. सरलाचं अक्षर इतकं सुबक आहे की वाईट वाटलं. बासष्ट मोजून टाकल्या. रामसूरतची चिठ्ठी मध्येच कुठेतरी गेली, मी वेगळी काढली नाही.

दोन महिन्यांत पहिल्यांदा आज मला शांत वाटतंय. साक्ष मी देणार, जे आठवतं ते छातीठोक सांगणार, संस्थेने काढलं तर काढू दे. पण त्या बासष्ट माणसांना दिलेला शब्द आता कोणी मोडू शकत नाही, मीसुद्धा नाही. एखाद्या माणसाने एकट्याने उभं राहून घ्यायचे निर्णय असतात. वर्गात हे मी अनेकदा सांगितलंय, आज कळलं.

कालिंदीने आल्यावर विचारलं, कसला वास येतोय. कागदांचा म्हटलं.

२० मार्च, मंगळवार

दुपारी सरला आली. सोबत रामसूरत आणि आणखी तिघं. संस्थेच्या जिन्यात चपला काढून आले होते.

तिने एक लांब कागद माझ्यापुढे ठेवला. दोन फुलस्केप डिंकाने जोडलेले. वर हिंदीत आणि उर्दूत लिहिलेलं: आमच्या चिठ्ठ्या कोर्टात दाखवायला आमची हरकत नाही. खाली सह्या आणि अंगठे. तिने म्हटलं, “अठ्ठावन्न आहेत, सर. दोन जण गावी गेलेत, दोघांनी नाही म्हटलं, त्यांच्या चिठ्ठ्या आपण बाजूला ठेवू. महिनाभर संध्याकाळी खोलीखोलीतून जात होते मी. रामसूरतजी बरोबर असायचे. प्रत्येकाला त्याची चिठ्ठी तोंडी सांगितली, परिणाम सांगितले, मग विचारलं.”

मी विचारलं, “मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही नको म्हणाला असता. सह्या पुऱ्या झाल्यावर दाखवायचं ठरवलं होतं.”

त्या चारी माणसांचे चेहरे मला दिसत होते. जुम्मन होता त्यात, तोच. हसत होता.

मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, का कोण जाणे. सरलाला कळलं, त्यांना नाही कळलं.  मग तिने वळून त्यांना सांगितलं, अगदी थोड्या शब्दांत. तो कागद तिने घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाली, “सर, त्या चिठ्ठ्या त्यांच्या होत्या.”

मी मूर्ख आहे. मूर्ख लिहूनही भागत नाही. मूर्ख माणसाला लोक सोडून देतात, माझ्या हातात मात्र अकरा घरं दिली गेली होती.

४ एप्रिल, बुधवार

साक्ष झाली. सकाळी कालिंदीने दही हातावर ठेवलं.

मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. अकराही नंबर क्रमाने सांगितले, कुठे अडलो नाही. गिरणीचा बॅरिस्टर शांतपणे उभा राहिला.

“हे सारं आपण चिठ्ठ्यांवरून केलंत. चिठ्ठ्या कुठे आहेत?”

“जाळल्या.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“कोणाच्याच नाही.”

“ज्यांच्या होत्या त्यांना विचारलंत?”

“नाही.”

“आपल्या सहायिकेला?”

“नाही.”

“आपण नेतृत्व हा विषय शिकवता, प्रोफेसर?”

कोणीतरी हसलं. श्यामकांत दुसऱ्या रांगेत होता, तो हसला नाही, बुटांकडे बघत होता. सरलाचीही साक्ष झाली, पण ती माझी नोकर म्हणून तिचं बोलणं माझ्याच बोलण्यात धरलं गेलं. पुन्हा चिठ्ठ्या लिहून घेतल्या तरी त्या यादीनंतरच्या, कोर्ट त्या धरणार नाही, असं वकील आधीच म्हणाला होता. गोष्ट तिथेच संपल्यासारखी झाली.

जेवणाच्या सुट्टीत वकील निरोप घेऊन आला. नवे माग बसताना संप नको म्हणून गिरणी तडजोडीला तयार आहे. दहा जणांना सोमवारपासून परत घेतील, खोल्या तशाच राहतील. एकट्या रामसूरतला नाही. त्याने दावा सोडायचा, महिनाअखेर खोली सोडायची. उत्तर तासाभरात हवं.

बाहेरच्या व्हरांड्यात ते अकरा जण जमले. मी आणि सरला खांबापाशी उभे होतो. मला वाटलं आता तो बोलेल. तो बोललाच नाही. त्याने एकेकाला आपल्या भोजपुरीत विचारलं, तू काय म्हणतोस. “तू का कहत बाड़ऽ?” आणि समोरचा बोलेपर्यंत थांबला. एकाला तर पाच मिनिटं सुचेना, हा उभाच. दहाही जणांनी सांगितलं, लढू, सगळे परत जाऊ नाहीतर कोणीच नाही. सातव्या खोलीतल्या त्या बाईचा नवरा बोलताना रडला. तीन दिवस त्या माणसाजवळ वही घेऊन उभा होतो मी. हेच तर करत होता तो रोज, आणि मी हुकमाची वाट बघत राहिलो.

दहा झाल्यावर तो माझ्याकडे आला.

“प्रोफेसर साहब, आप क्या कहते हैं?”

मी म्हटलं, मला विचारू नका, मला तोंड नाही.

“सबसे पूछा है. आपसे भी पूछेंगे.”

सरलाकडे बघितलं. तिने मान फिरवली नाही, मदतही केली नाही. मला खोटं बोलता आलं असतं, लढा म्हणता आलं असतं, ते ऐकायला चांगलं वाटलं असतं. मी म्हटलं, “चिठ्ठियाँ नहीं हैं. लड़ेंगे तो हार जाएँगे. ग्यारह के ग्यारह.”

त्याने मान हलवली. माझे आभार मानले. मग वकिलाकडे गेला आणि तडजोडीच्या कागदावर अंगठा नाही, सही केली, सावकाश, त्यांच्याकडच्या जुन्या कैथी लिपीत. बाकीचे दहा जण धावले तोवर झालं होतं.

दहा जण लढू म्हणाले होते. त्याने ऐकलं ते माझं.